चोर्ला, आंबोली आणि शाळेची रोजची फेरी: पाच माणसांच्या घराला कोणती एसयूव्ही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात अनगोळला राहणारं पाच माणसांचं कुटुंब. नवरा-बायको दोघंही गाडी चालवतात, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. जांबोटीजवळ थोडं शेत आहे, तिथला शेवटचा दीड किलोमीटर कच्चा. महिन्यातले दोन-तीन रविवार आंबोली, तिलारी, कणकुंबी नाहीतर गोवा. सोबत तंबू, कधी मुलांच्या सायकली. बजेट रस्त्यावर येईपर्यंत 13 लाख. मिस्टरांना जिम्नी किंवा थार हवी, मुलांना सनरूफ, सासूबाईंना चढा-उतरायला सोपी. आणि चंदगडचा भाऊ म्हणतो, पासिंग माझ्या पत्त्यावर कर, टॅक्स वाचेल.

ताई, उद्यमबागेत गाड्या उघडून बसण्यात माझं आयुष्य गेलं. विकत घेण्याआधी गाडी दाखवायला लोक आणतात, त्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो.

मिस्टरांचं आधी बघू. जिम्नी डोंगरात नंबर एक आहे, त्यात वाद नाही. खरी 4x4 (चारही चाकांना ताकद), खड्या चढासाठी लो रेंज गियर, 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा). पण आरसीवर सीट चार. तुम्ही पाच. एवढ्यावरच विषय संपायला हवा, कारण पाचवा माणूस बसवून अपघात झाला तर विमा कंपनीला अडून बसायला आयतं कारण मिळतं. शिवाय मागची सीट उभी ठेवली की डिकीत शाळेची दोन दप्तरं आणि एक पिशवी, बास. तीन दारांच्या थारलाही चारच सीट, आणि मागे जायचं तर पुढची सीट दुमडून चढायचं. सासूबाईंना ते रोज करायला लावणार का? पाच दारांची थार रॉक्स घरासाठी उत्तम आहे, पण ती तुमच्या बजेटच्या दारात उभी राहत नाही.

आता तुमच्या शेताची वाट. जांबोटी-कणकुंबीकडची माती जांभ्याची. मुरूम पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे पाऊस थांबून दोन-चार तास झाले की साध्या टू-व्हील ड्राइव्हच्या चाकालाही पकड मिळते. घसरतं ते शेवाळलेल्या चढावर आणि ट्रॅक्टरने चिखल केलेल्या चाकोरीत. तिकडे सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानात मामला वेगळाच. ती माती चाकाच्या कमानीत थापून बसते आणि साध्या टायरवर 4x4 सुद्धा जागेवर फिरते. तुमचं रान पश्चिमेकडे आहे हे नशीब समजा. जून ते सप्टेंबर त्या दीड किलोमीटरच्या तोंडाशी डांबरावर गाडी लावायची, गमबूट चढवायचे आणि चालत जायचं. वर्षातल्या मोजक्या दिवसांच्या चिखलासाठी उरलेलं वर्षभर चार सीटची, महागडी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी पोसण्यात अर्थ नाही. आणि भीमगडच्या बाजूला जंगलात गाडी घालायचा कुणाचा विचार असेल तर तो सोडा. ते अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पायी सुद्धा शिरता येत नाही.

म्हणजे तुम्हाला हवी ती चार मीटरच्या आतली, पाच सीटची, पोट उंच असलेली, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. टाटाची नेक्सॉन, महिंद्राची थ्री एक्सओ, मारुतीची ब्रेझा, कियाची सोनेट, ह्युंदाईची व्हेन्यू या रांगेतली. आता यातून निवडायचं कसं.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर लोक फार भांडतात. नेक्सॉन 208, थ्री एक्सओ 201, ब्रेझा 198. हे आकडे बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं, तंबू, पाण्याचे कॅन भरले की मागची स्प्रिंग बसते आणि त्यातले दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. म्हणून शोरूममध्ये गेलात की सगळ्या घराला गाडीत बसवा, आणि एक जण टेप घेऊन बाहेर वाका. पुढच्या बंपरखाली जी मऊ काळी प्लॅस्टिकची पट्टी असते ती सोडा, ती घासली तरी काही होत नाही. बघायचं ते इंजिनखालचं कव्हर आणि मागे सायलेन्सरचा ब्रॅकेट, दोन्हीपैकी जे खाली असेल ते. माणसं बसल्यावर तिथे सात इंच उरत असतील तर जांबोटी, चोर्ला, तिलारी, पारगड, कुठेही निर्धास्त जा.

क्लिअरन्सपेक्षा जास्त त्रास टायर देतात आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. वरच्या व्हेरिएंटला 17 इंची अलॉय, त्यावर बारीक कडेचा टायर. दिसायला झकास. पण आपल्याकडे घाटात जांभ्याचा फुटका चिरा किंवा डांबराची धारदार कड लागली की बारीक कडेचा टायर कापतो आणि अलॉयला तडा जातो. 16 इंची रिमवर 215/60 किंवा 205/65 टायर असलेलं व्हेरिएंट घ्या, टायरची कड जाड राहते आणि गाडीही मऊ चालते. मग डिकीचं मॅट उचलून स्टेपनी बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांना स्टेपनी बारीक असते, तिच्यावर ताशी 80 च्या वर जायचं नाही असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ती नसतेच, पंक्चर किट देतात. कडेला कापलेल्या टायरला ते किट काही करत नाही, आणि तिलारीच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते. स्टेपनी नसलेली गाडी तुमच्यासाठी बाद.

इंजिन. शाळा, बाजार, टिळकवाडी, कॅम्प असं धरून तुमचं महिन्याचं रनिंग हजार-बाराशे किलोमीटरच्या पलीकडे जाईल असं वाटत नाही. एवढ्याला पेट्रोल पुरे. डिझेल घाटात गोड चालतं हे खरं, थ्री एक्सओचं डिझेल 300 न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ) देतं, नेक्सॉनचं 260, तिसऱ्या गियरमध्ये भरलेली गाडी चोर्ला चढते. पण बीएस-6 डिझेलमध्ये धुराची काजळी साठवणारा फिल्टर असतो. इंजिन तापलेलं ठेवून वीस-पंचवीस मिनिटं सलग धावल्याशिवाय ती काजळी जळत नाही. रोज दोन किलोमीटर शाळा आणि दोन किलोमीटर घर असं चाललं की फिल्टर तुंबतो, दिवा पेटतो आणि गॅरेजचं बिल येतं. तुमच्या रविवारच्या फेऱ्यांमुळे हा धोका कमी आहे, तरी डिझेलचे वरचे पैसे वसूल व्हायला तुमचं रनिंग अपुरं पडतं. मिस्टरांची नोकरी हुबळी-कोल्हापूर फिरतीची असती तर मी उलट सांगितलं असतं.

पेट्रोलमध्ये दोन जाती. ब्रेझाचं 1.5 लिटरचं साधं इंजिन, 137 न्यूटन मीटर, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) नाही. घाटात दुसरा गियर आणि आवाज करत चढतं. ते त्याला बाधत नाही, वर्षानुवर्षं तसंच चालतं. नेक्सॉनच्या 1.2 टर्बोला 170 आणि थ्री एक्सओच्या साध्या 1.2 टर्बोला 200 न्यूटन मीटर. भरल्या गाडीला चढावर हा फरक पायाला कळतो. मात्र टर्बो दीड हजार आरपीएमच्या खाली झोपलेला असतो, त्यामुळे वळणावर गियर वेळेत उतरवायची सवय लावावी लागते. नाहीतर हाफ क्लचवर ओढत न्यायची वेळ येते आणि क्लच प्लेटचा वास घाटभर सोबत करतो. ऑटोमॅटिक हवीच असेल तर एएमटी (साध्याच गियरबॉक्सचे क्लच-गियर यंत्राने बदलणारी) घेण्याआधी चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. हिल होल्ड नसेल तर गाडी मागे सरकते, आणि मागे एसटी टेकून उभी असली की घाम फुटतो.

आता पैशाचं, कारण इथेच लोकांचा हिशोब चुकतो.

22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल गाडी 1500 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के. यातली एकही अट मोडली की 40. नेक्सॉन आणि थ्री एक्सओची पेट्रोल इंजिनं 1200 च्या आत बसतात, डिझेल 1500 च्या आत. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून लांबी चार मीटरच्या आत असूनही ती 40 च्या खान्यात. जिम्नीचं इंजिनही तेवढ्याच सीसीचं, तेच खातं. पूर्वी या सगळ्या गाड्या किमतीला एकमेकींच्या जवळ असायच्या, आता गणित हललंय. जुन्या किमती डोक्यात ठेवून शोरूमला जाऊ नका.

त्यावर आपला कर्नाटकचा रोड टॅक्स. पाच ते दहा लाखांच्या गाडीला 14 टक्के, दहा ते वीस लाखांना 17, आणि जो टॅक्स येईल त्यावर आणखी 11 टक्के उपकर. 9 लाख 90 हजारांच्या गाडीला हा आकडा होतो साधारण 1 लाख 54 हजार. 10 लाख 20 हजारांच्या गाडीला 1 लाख 92 हजार. म्हणजे शोरूममध्ये तीस हजारांनी वर असलेलं व्हेरिएंट दारात येईपर्यंत जवळजवळ सत्तर हजारांनी महाग पडतं. दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएसही (विक्रेत्यामार्फत आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापतात. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, पण आधी खिशातून जातोच. सेल्समन सनरूफवालं व्हेरिएंट पुढे करतो तेव्हा हे गणित तो मांडत नाही. तुम्ही मांडा. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत, दहा लाखांच्या आत ठेवा. विमा, फास्टॅग धरूनही बजेटमध्ये पन्नासेक हजार तरी हातात उरतील, त्याचं काय करायचं ते खाली सांगतो.

चंदगडच्या भावाचा सल्ला. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, त्यावर वीसपर्यंत 12. वाचतात हे खरं. सीमाभागात एमएच-09 ची गाडी दिसणार नाही अशी गल्ली नाही, तेही खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. तुम्ही राहणार अनगोळला, गाडी उभी राहणार अनगोळला, मुलांची शाळा इथे. कधी ना कधी तपासणीत अडवतील, मग इथला टॅक्स भरा आणि महाराष्ट्रातून परतावा मिळवायला कोल्हापूरच्या खेपा घाला. वर, खोट्या पत्त्याच्या कागदावर तुमची सही. भावाची गाडी भावाच्या दारात शोभते. तुम्ही केए-22 च घ्या. घरात कुणी सैन्यात किंवा केंद्राच्या नोकरीत असेल तर मात्र बीएच सीरिजची चौकशी करा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बऱ्याच घरांनी ती घेतली आहे. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच.

व्हेरिएंट निवडताना मागचा वायपर आणि मागच्या काचेचा डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा) हे दोन नसतील तर ते व्हेरिएंट घेऊच नका. जुलैत कणकुंबी ओलांडून चोर्ल्यात शिरा, मग कळेल मी हट्ट का धरतो. ढग रस्त्यावर उतरलेला, मागची काच चिखलाने लाल, आणि आरशात नुसता पांढरा पडदा. पुढे फॉग लॅम्प हवेत, नसतील तर कंपनीच्याच ॲक्सेसरीतून बसवा. बाहेरच्या माणसाकडून वायर कापून बसवलेत तर वॉरंटीचं भांडण ओढवून घ्याल. सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), हिल होल्ड आणि लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स, एवढं झालं की थांबा.

सनरूफबद्दल मुलांची समजूत तुम्हालाच घालावी लागेल. सनरूफच्या चौकटीतलं पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आपल्या झाडांचा पाला आणि लाल धूळ त्यात बसली की त्या तुंबतात आणि आंबोलीच्या पावसात पाणी छताच्या कापडावर उतरतं. दर पावसाळ्याआधी त्या साफ करणारे लोक असतील तर जरूर घ्या. मी तरी थोडेच पाहिलेत. सायकलींसाठीही टपावर भरवसा ठेवू नका. कित्येक गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात. टपावर किती किलो चालतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते वाचा. मुलांच्या सायकली पुढचं चाक काढून, मागची सीट अर्धी दुमडून आत जातात. म्हणून 60:40 दुमडणारी सीट असलेलं व्हेरिएंट बघा.

उरलेल्या पन्नास हजारांचं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्या, कारण इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर साधी पॉलिसी ते बिल भरत नाही. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची. खरं तर रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात उतरायचंच नाही. दूधगंगा-वेदगंगेवरचे निपाणी-सदलग्याकडचे पूल दर मोठ्या पावसात पाण्याखाली जातात, आणि दर वर्षी कुणीतरी शहाणा त्यात गाडी घालतो. मग इंजिनखाली लोखंडी गार्ड, रबरी मॅट (कापडी मॅटवर आंबोलीच्या जळवा मुक्कामाला येतात, मुलांना मजा वाटते, सासूबाईंना नाही), हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप आणि ओढायचा दोर. पुढे लोखंडी बंपर गार्ड लावू नका. केंद्राने 2017 च्या शेवटी त्यावर बंदी आणली आहे, आणि त्याने एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकते.

बोलेरोचं तुम्ही विचारलं नाहीत, पण गावाकडचं कुणीतरी सुचवणारच. साध्या बोलेरोला मी मानतो, खानापूरच्या आतल्या गावातला मेकॅनिकही ती दुपारपर्यंत चालती करून देतो. पण पायरी उंच, घाटातल्या वळणावर गाडी डोलते, आणि तिची भावंड असलेल्या बोलेरो निओला गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2024 मध्ये पाचपैकी एकच तारा दिला. लहान मुलं मागे बसणार असतील तर मी नको म्हणेन. नेक्सॉन आणि थ्री एक्सओ दोन्ही पाच ताऱ्यांच्या आहेत.

माझं मत: थ्री एक्सओ पेट्रोल मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट. रुंदी 1821 मिलिमीटर, म्हणजे मागे दोन मुलं आणि सासूबाई नीट मावतात. सीटची उंची अशी की सासूबाई आधी बसतील आणि मग पाय आत घेतील, वाकावं लागणार नाही, चढावंही लागणार नाही. डिकी मात्र नेक्सॉनची सरस, तिथे 382 लिटर मिळतात. तंबूची पिशवी घेऊन शोरूमला जा आणि दोन्हींत घालून बघा. लाज वाटू देऊ नका, पैसे तुमचे आहेत. थ्री एक्सओत तंबू आडवा मावला नाही तर बिनदिक्कत नेक्सॉन घ्या. ब्रेझा कधी घ्यायची? दहा-बारा वर्षं तीच ठेवायची असेल, साधं इंजिन हवं असेल आणि थोडे जास्त पैसे द्यायची तयारी असेल तर.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला खानापूर रोडवर सपाट चक्कर मारून आणेल. तुम्ही राजहंसगड मागा. येळ्ळूरवरून वर गडापर्यंत डांबरी रस्ता आहे, चढ आहे, वळणं आहेत. पाचही जण बसून एसी लावून वर जा. वळणावर थांबून पुन्हा उचला. उतरताना दुसऱ्या गियरमध्ये सोडून बघा, ब्रेकला किती कमी हात लावावा लागतो ते. सासूबाईंना मागे कमरेला हादरे किती बसतात ते त्याच सांगतील.

जुनी गाडी घ्यायचा विचार मध्येच डोकावला तर एवढंच ध्यानात ठेवा, ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि वाळवून, पॉलिश करून त्यातल्या बऱ्याच बाजारात आल्या. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने पांढरी डिझेल एसयूव्ही आणली होती. आत अत्तराचा वास, सीट कव्हर कोरे. मी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी कुणी न ओढलेला शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी होता, आणि नखाने खरवडल्यावर पिठासारखा गाळ निघाला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. विक्रेत्याने नंतर फोन उचलला नाही. बेल्ट धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून आधी तोच ओढायचा. मग स्टेपनीचा खड्डा, मग ड्रायव्हरच्या पायाखालचं कारपेट उचलून वायरिंगचे सॉकेट. हिरवट दिसले तर किंमत कितीही कमी असो, चहा पिऊन परत या.

डिलिव्हरी पाडव्याला किंवा दसऱ्याला घेणार असाल तर गाडी दोन दिवस आधी यार्डात जाऊन बघून घ्या. त्या दिवशी शोरूममध्ये हार-नारळाची रांग असते, तपासायला कुणाला वेळ नसतो. चेसिस नंबरवरून बनावटीचा महिना विचारा, टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), पाचही टायरचे, स्टेपनीसकट. बॅटरीची तारीख बघा. बॉनेट उघडून पाइपांवर उंदराने कुरतडल्याच्या खुणा बघा, यार्डात उभ्या गाड्यांना हा प्रकार सर्रास होतो. काही वावगं आढळलं तर रजिस्ट्रेशन व्हायच्या आधीच बदलून मागा. नंबर पडला की शोरूमवाल्याचा सूर बदलतो.